आजाऱ्याच्या उशाशी सबंध अध्याय वाचा

गेल्या काही वर्षांत आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून एक वाक्य फार सहज ऐकू येऊ लागलं आहे. कुणाचा आजार लांबला, ऑपरेशननंतरही दुखणं उलटलं, केमो घेऊनही गाठ तशीच राहिली, की भेटायला आलेलं कुणीतरी प्रार्थना आटोपल्यावर चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणतं, “विश्वासात कुठंतरी कमी पडतंय.” म्हणणारा माणूस वाईट नसतो. त्यानं ते कुठल्या तरी सभेत ऐकलेलं असतं किंवा मोबाईलवर रोज सकाळी ऐकत असतो. आपण आजाऱ्याला धीरच देतोय, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. पण अंथरुणावरच्या माणसाच्या वाट्याला त्यामुळे दोन दुखणी येतात. आजार असतोच, वर देव आपल्यावर नाराज आहे ही धास्ती.

हे वाक्य पवित्र शास्त्रातलं नाही आणि आपल्या व्यासपीठांवरून, घरसभांतून, रुग्णभेटींतून ते बंद झालं पाहिजे, एवढंच मला सांगायचं आहे. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी), स्वतंत्र मंडळ्या, सगळ्यांनाच मी हे सांगते आहे, कारण आता हे एकाच पंथापुरतं राहिलेलं नाही.

मी चमत्कार मानते. प्रार्थनेनं माणसं बरी होतात यावर माझा विश्वास आहे. डॉक्टरांनी हात टेकलेले लोक उठून घरी गेलेले आमच्या मंडळीनं पाहिलेत आणि त्याबद्दल देवाचे आभार मानलेत. त्यामुळे हा लेख श्रद्धेच्या विरोधात आहे असं कृपा करून कुणी समजू नये. देवावर भरवसा ठेवण्याचा अर्थ आपण किती उथळ करून टाकला आहे, याचं मला दुःख आहे, आणि ते घरातल्यांपुढेच बोलायला हवं.

उथळपणाची सुरुवात मला वचनाच्या चिठ्ठीत दिसते. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासना संपत आली की ताटात नाहीतर टोपलीत गुंडाळलेल्या चिठ्ठ्या फिरतात. प्रत्येकानं एक उचलायची, ते त्याचं वर्षाचं वचन. लहान मुलं आपली चिठ्ठी घट्ट मुठीत धरून बसतात, म्हाताऱ्या बायका शेजारणीला वाचून दाखवायला सांगतात. हा रिवाज मला मनापासून आवडतो. घराघरांत फ्रेम करून लावलेली अशी वचनं मी पाहिली आहेत आणि वाईट दिवसांत त्यांनी लोकांना उभं केलेलंही पाहिलं आहे. पण त्या ताटातल्या चिठ्ठ्या कुणीतरी निवडलेल्या असतात. त्यात बरं होण्याची, भरभराटीची, शत्रू पळण्याची, दार उघडण्याची वचनं असतात. “हे परमेश्वरा, कोठवर?” अशी चिठ्ठी कुणाला निघाल्याचं मी कधी ऐकलं नाही. स्तोत्रांच्या पुस्तकात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तरीही नाही.

या सुट्या वचनांतलं सगळ्यात लाडकं म्हणजे यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव तिथं सांगतो. दहावीच्या निकालापासून व्हिसाच्या मुलाखतीपर्यंत हे वचन सगळीकडे पोचलेलं आहे. आता त्याच्या आजूबाजूचं वाचू. हे एक पत्र आहे. यरुशलेमेतून कैद करून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मया या संदेष्ट्यानं ते लिहिलं. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांसमोर उभा राहतो आणि देवाच्या नावानं जाहीर करतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, मंदिरातली भांडी परत येतील, कैदी घरी येतील. एवढं बोलून तो थांबत नाही. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू तो सगळ्यांदेखत मोडून टाकतो. लोकांना ते किती आवडलं असेल! यिर्मया मात्र लिहितो की सत्तर वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलं आहे त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हे सगळं सांगून झाल्यावर हिताच्या संकल्पाचं ते वचन येतं.

म्हणजे ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकलं त्यांच्यातले बहुतेक जण परदेशातच मरणार होते आणि त्यांना ते कळत होतं. तरीही देवाचा संकल्प त्यांच्यासाठीही हिताचाच होता, आणि भरवसा ठेवायचा तो एवढ्या लांब पल्ल्याचा. लवकर सुटका जाहीर करणारा हनन्या त्या गोष्टीत खोटा ठरतो. आज आपल्या किती सभांमध्ये यिर्मयाचं वचन हनन्याच्या तोंडून ऐकवलं जातं, याचा विचार पाळकवर्गानं करावा.

सुटं वचन किती धोक्याचं असतं हे येशूच्या परीक्षेच्या गोष्टीतच आहे. मंदिराच्या शिरोभागावर उभं करून सैतान त्याला काय ऐकवतो? ९१ वं स्तोत्र. देवदूत तुला हातांवर झेलून धरतील, मार उडी. स्तोत्रातले शब्द खरेच आहेत. येशू त्या स्तोत्राला खोटं म्हणत नाही. दुसरं शास्त्रवचन पुढे ठेवून तो सांगतो की परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. इन्सुलिन बंद करून देव काय करतो ते पाहणं ही शिरोभागावरून उडीच आहे, आणि ती उडी मारायला सांगणाऱ्याच्या हातात पवित्र शास्त्र असल्यानं ती योग्य ठरत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या टुवूंबा शहरात २०२२ च्या जानेवारीत हेच घडलं. घरातच उपासना करणाऱ्या एका छोट्या गटानं ८ वर्षांच्या मधुमेही मुलीचं इन्सुलिन थांबवलं आणि तिच्या खाटेभोवती प्रार्थना करत, गाणी म्हणत बसले. काही दिवसांत ती गेली. २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं आईवडिलांसह १४ जणांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं. ती माणसं रोज बायबल वाचणारी होती, हे मला जास्त अस्वस्थ करतं.

आपल्याकडे गोष्ट इतक्या टोकाला जात नाही, म्हणून ती दिसत नाही. आपल्याकडे ती गोळ्यांच्या पाकिटात घडते. मंडळीतल्या आम्ही काही जणी सरकारी रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना भेटायला जातो. अंडी, केळी, शेंगदाण्याचे लाडू असं काही घेऊन जायचं, चार शब्द बोलायचे, त्यांना हवी असेल तर प्रार्थना करायची. तिथं एक चाळिशीची बाई होती. मनगटं काडीसारखी झालेली. उशीखाली गोळ्यांची पाकिटं आणि त्यांच्यावर छोटा नवा करार. बोलता बोलता ती म्हणाली की मागच्या खेपेला चौथ्या महिन्यातच गोळ्या सोडल्या होत्या, कारण सभेत उभं राहून बरी झाल्याची साक्ष दिली होती. “आता गोळी घेतली की देवाला खोटं पाडल्यासारखं वाटतं.” हे तिचे शब्द. तिची नवी तपासणी झाली तेव्हा नेहमीची औषधं तिच्या जंतूंवर चालेनाशी झाली होती.

हे कसं होतं ते प्रत्येक पाळकाला माहीत असायला हवं. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पण पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढतं. नेमकं याच काळात माणसाला वाटतं की आपण बरे झालो. प्रार्थना सुरू असेल तर प्रार्थनेनं, नवस केला असेल तर नवसानं. आत मात्र काही जंतू दबून राहिलेले असतात. गोळ्या बंद झाल्या की ते पुन्हा डोकं वर काढतात आणि त्यांतले काही औषधाला दाद देईनासे होतात. मग आणखी कडक औषधं, आणखी त्रास. शिवाय घरातल्या लहान मुलांना लागण होण्याची भीती. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. त्यामुळे व्यासपीठावर घाईनं दिलेल्या साक्षीचा हिशेब त्या एका घरापुरता राहत नाही. फिट्स, रक्तदाब, नैराश्य, स्किझोफ्रेनिया, एचआयव्ही या सगळ्यांत हाच सापळा आहे. औषध चालू आहे म्हणून बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून औषध सोडलं जातं.

आता शास्त्राकडे येऊ, कारण “कमी विश्वासा”ची भाषा बोलणारे शास्त्राचाच आधार देतात. “तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं आहे,” असं येशू म्हणाला होता की नाही? म्हणाला होता. बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेल्या बाईला म्हणाला, आंधळ्या बार्तीमयाला म्हणाला. पण शुभवर्तमानांत बरे झालेल्या सगळ्यांची ओळ लावून पाहा. छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या गोष्टीत मार्क लिहितो की येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा म्हणजे खाट उचलून आणणाऱ्यांचाही. फिट्स येणाऱ्या मुलाचा बाप तर उघड सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. अर्धामुर्धा विश्वास, तोही बापाचा, आणि मुलगा बरा होतो. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं पडून असलेल्या माणसाला आपल्याला बरं करणारा कोण हेही ठाऊक नव्हतं. योहान हे स्पष्ट लिहितो. मग त्याचा विश्वास किती शेर, किती मण होता ते कुणी मोजलं?

उलट बाजूनं पाहिलं तर ज्यांचा विश्वास कुणी नाकारणार नाही अशी माणसं आजारीच राहिलेली दिसतात. प्रेषित पौलानं आपल्या शरीरातला काटा काढून टाकण्यासाठी तीनदा विनवणी केली. काटा राहिला. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढंच उत्तर आलं. आपला सोबती त्रफिम याला त्यानं मिलेतात आजारी अवस्थेत मागे ठेवलं. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्यानं थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, म्हणजे त्या काळातला घरगुती उपायच. पौलाच्या सोबत असलेल्या लूकाला तर तो “प्रिय वैद्य” म्हणतो. ज्याच्या हातरुमालांनी लोक बरे झाल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलं आहे तो प्रेषित वैद्याला बरोबर घेऊन फिरत होता. यात त्याला कुठं विसंगती वाटलेली दिसत नाही.

याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय हा आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेचा आपला मुख्य आधार. तोही नीट वाचला जात नाही. आजाऱ्यानं काय करावं? मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं. एवढंच. बाकीचं सगळं त्या वडिलांनी करायचं आहे. त्यांनी घरी यायचं, तेल लावायचं, त्याच्यासाठी प्रार्थना करायची. विश्वासाची जी प्रार्थना तिथं सांगितली आहे ती आलेल्या वडिलांनी करायची आहे. तेव्हा विश्वास कमी पडल्याचा हिशेब मांडायचाच असेल तर तो अंथरुणावरच्या अशक्त माणसाकडे मागता येत नाही, खाटेभोवती उभ्या असलेल्यांनी आपापसांत मांडावा लागतो. तेल लावायला आलेल्यांनी जाताना दोष त्याच्याच कपाळी लावून जायचा, हे याकोबाच्या सांगण्याच्या अगदी उलट आहे.

आणि साक्ष. कुष्ठरोग्याला बरं केल्यावर येशूनं त्याला काय सांगितलं? कुणाला काही सांगू नको, जाऊन स्वतःला याजकाला दाखव. लेवीयच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायात याजकानं कातडी कशी तपासायची, किती दिवस वाट पाहायची, पुन्हा कधी बघायचं हे बारकाईनं दिलं आहे. सात दिवस थांबायचं, परत पाहायचं, चट्टा पसरला की नाही ते बघायचं, मग शुद्ध ठरवायचं. येशूनं ती तपासणी टाळली नाही. आपण मात्र त्याच संध्याकाळी माईक हातात देतो. फ्रान्समधल्या लूर्द्स या तीर्थस्थानी १८५८ पासून लोक बरे होण्याच्या आशेनं जातात, दरवर्षी लाखोंनी जातात. तिथं १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. बरं झाल्याचा दावा ते कागदपत्रांनिशी वर्षानुवर्षं तपासतात, आणि कॅथलिक चर्चनं आजवर चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या आसपास आहेत. एवढ्या काळात एवढ्याच. त्यामुळे लूर्द्सला जाणाऱ्यांची श्रद्धा आटली नाही. खऱ्या चमत्काराला तपासणीची भीती नसते हे त्यांना ठाऊक आहे. आपल्या मंडळ्यांनी एवढा साधा नियम तरी करावा की बरं झाल्याची साक्ष रिपोर्ट आल्यावरच, आणि “औषध सोडलं” हे शब्द साक्षीत चालणार नाहीत.

विरोधात एक वचन हमखास सांगितलं जातं, २ इतिहास १६ मधलं. आसा राजाला पायाचा भारी रोग झाला, पण त्यानं परमेश्वराकडे धाव न घेता वैद्यांकडे धाव घेतली. झालं, डॉक्टरांविरुद्ध पुरावा मिळाला! पण हाही अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. आसानं मंदिरातलं सोनंरुपं काढून अरामाच्या राजाला दिलं, त्याच्याशी करार केला, त्याबद्दल जाब विचारायला आलेल्या द्रष्ट्याला तुरुंगात टाकलं आणि लोकांवर जुलूम केला. देवाला बाजूला सारायची त्याची सवय आजारपणापर्यंत तशीच राहिली, ही तिथली तक्रार आहे. वैद्याकडे जाणंच पाप असतं तर यशया संदेष्ट्यानं हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला नसता. तिथं तर देवानं स्वतः १५ वर्षांचं आयुष्य देऊ केलेलं होतं. वचन मिळालेलं होतं, तरी लेप लावला गेला. कॅथलिक बायबलात बेन सिरा याचं पुस्तक आहे. त्याच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राख, त्यालाही परमेश्वरानंच निर्माण केलं आहे, आणि औषधं देवानं जमिनीतूनच उगवली आहेत असं सांगितलं आहे.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला तर हे वेगळं शिकवायची गरज पडू नये. आपली ओळखच दवाखान्यांतून झाली. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं. पुढे वानलेसवाडीत क्षयरोग्यांची सोय झाली. नगरच्या मुक्तिफौजेच्या बूथ हॉस्पिटलनं २०२० मध्ये कोविडच्या रुग्णांना दार उघडलं, तेव्हा भल्याभल्यांचे पाय मागे सरत होते. वसईत बंगलीला कार्डिनल ग्रेशस हॉस्पिटल आहे. या ठिकाणी काम करणाऱ्या परिचारिकांनी सकाळची प्रार्थना करून वॉर्डात पाऊल टाकलं आणि मग बेडपॅन उचललं, जखमा धुतल्या, रात्रपाळ्या केल्या. त्यांच्या प्रार्थनेत आणि कामात भिंत नव्हती. ही ज्यांची परंपरा, त्यांच्याच नातवंडांनी “औषध म्हणजे अविश्वास” म्हणावं याचं मला फार वाईट वाटतं.

आणि पंडिता रमाबाई. देवावर पूर्ण भिस्त टाकून जगणं म्हणजे काय याचं उदाहरण विचारलं तर आपण सगळे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनकडे बोट दाखवतो. दुष्काळातल्या मुलींना आणताना उद्या काय खायला घालायचं याची शाश्वती नसायची, आणि त्या प्रार्थनेला बसायच्या. त्याच रमाबाईंनी दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि बहीण गमावली, पुढे भाऊ आणि मग १८८२ मध्ये पटकीनं पती गेला. वैद्यकी शिकायचं मनात धरून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. तिथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. कान बरे झाले नाहीत. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, ज्या मनोरमेनं मुक्तीचं काम पुढे चालवावं अशी आशा होती. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. शेवटपर्यंत त्या हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेल्या बायबलच्या भाषांतराचं काम करत होत्या. त्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे? त्यांनी एकेक ओळ मराठीत आणली, त्यात ईयोबाची तक्रार होती, विलापगीत होतं, ८८ वं स्तोत्रही होतं. निवडक वचनांवर त्यांनी भागवलं नाही.

सभांना गर्दी का होते हेही समजून घ्यायला हवं, नाहीतर आपण त्या गर्दीवर अन्याय करू. सरकारी ओपीडीत सकाळी सातला नंबर लावून बाराला डॉक्टरसमोर बसलेल्या माणसाला दीड मिनिट मिळतं. खासगीत गेलं तर दागिना मोडावा लागतो, एकर विकावा लागतो. मानसिक आजार असेल तर तालुक्याच्या गावी डॉक्टरच सापडत नाही. सभेत मात्र कुणीतरी नाव विचारतं, डोक्यावर हात ठेवतं, शेजारची अनोळखी बाई आपल्यासाठी रडते. या स्पर्शाची भूक खरी आहे. बांद्र्याच्या मोत माऊलीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे, काळीज घेऊन लोक रांगेत उभे असतात, त्यात ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. मेणाचा पाय घेऊन आलेल्या आजीला मी अडाणी म्हणणार नाही. तिची प्रार्थना देव ऐकतो याबद्दल मला शंका नाही. माझं भांडण त्या आजीशी नाही. तिच्या आशेवर अट घालणाऱ्याशी आहे, की इतका विश्वास दाखव, इतकं दान दे, गोळ्या टाकून दे, तरच.

कायद्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर औषधोपचारापासून अडवणं, चमत्कार दाखवून पैसे उकळणं हे त्यात गुन्हे आहेत. कॅन्सर, मधुमेह, फिट्स असले आजार चमत्कारी उपायानं बरे करण्याच्या जाहिरातींना देशभर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. आपल्यातल्या काहींना हे कायदे आपल्यावरच उगारले जातील अशी भीती वाटते. प्रार्थनासभांकडे संशयानं पाहिलं जाण्याच्या दिवसांत ती भीती मी समजू शकते. पण कायदा सर्व धर्मांच्या भोंदूंना एकच माप लावतो, आणि प्रार्थनेला तो हात लावत नाही. उपचार घेत असलेल्या माणसासाठी प्रार्थना करणाऱ्यानं घाबरायचं कशाला? उलट फ्लेक्सवर आजारांची यादी छापून सभा भरवणाऱ्यांमुळे शेजारच्या गावातली साधी घरसभाही अडचणीत येते. आपल्यातल्या चुकांवर आपणच बोट ठेवलं तर बाहेरच्यांना खोटे आरोप करायला जागा कमी उरते.

मग आजाऱ्याच्या उशाशी जाऊन करायचं काय? सगळं गमावून अंगभर फोडांनी पिडलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते उत्तम मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं, कारण ते कारणं देऊ लागले: तुझं काहीतरी पाप असेल, नीट पश्चात्ताप कर. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो. देवाशी भांडलेला ईयोब बरोबर बोलला आणि देवाची बाजू घेणारे चुकीचं बोलले, असा निवाडा तो देतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूनं दोन्ही नाकारलं. आपण अजून तोच प्रश्न घेऊन लोकांच्या घरी जातो.

आजाऱ्यासमोर २३ वं स्तोत्र जरूर वाचावं. पण १३ वंही वाचावं, ज्यात दावीद विचारतो की किती काळ तू मला विसरणार? ८८ वं वाचावं, जे अंधारातच संपतं, शेवटी सांत्वनाची एकही ओळ नाही. हे ऐकल्यावर पडून असलेला माणूस खचेल अशी आपल्याला भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. त्याच्या मनातलं गाऱ्हाणं शास्त्रात आधीच लिहून ठेवलेलं आहे हे कळल्यावर चेहरा सैल पडतो. आपण देवाला असं बोललो तर चालतं, हे कळतं. त्या क्षयाच्या बाईला आम्ही हिज्कीयाच्या अंजिराची गोष्ट वाचून दाखवली. ती पुन्हा एकदा वाचायला सांगून तिनं पान दुमडून ठेवलं. पुढच्या भेटीत गोळ्यांचं पाकीट उशीखालून निघून खिडकीत, नव्या कराराशेजारी आलं होतं.

पाळकवर्गाकडे, धर्मप्रांतांकडे, सिनडांकडे माझी मागणी आहे की हे लेखी सांगावं. मंडळीत वाचून दाखवता येईल असं पत्रक काढावं: डॉक्टरनं दिलेलं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणीही बंद करायला सांगणार नाही. बाहेरून वक्ता बोलवताना त्याच्याकडून हे आधी कबूल करून घ्यावं. सेमिनरीत शिकणाऱ्या प्रत्येकाला काही महिने रुग्णालयात काढायला लावावेत, निव्वळ प्रार्थना करायला नव्हे, रुग्णांची चौकशी करायला, नातेवाइकांसोबत बाकावर बसायला. वडीलमंडळींनी तेलाची बाटली घेऊन घरी गेल्यावर गोळी घेतली का तेही विचारावं. तरुण संघानं रक्तदात्यांची यादी ठेवावी. महिला मंडळानं डबा आणि एसटीतली सोबत वाटून घ्यावी. आणि येत्या ३१ डिसेंबरला चिठ्ठ्या जरूर वाटाव्यात, फक्त त्यावर वचनाबरोबर अध्यायाचा क्रमांक ठळक छापावा आणि खाली एवढी सूचना द्यावी: घरी गेल्यावर सबंध अध्याय घरच्यांसोबत मोठ्यानं वाचावा.